मनसरजवळ सायकलस्वारांसाठी विसावा: आधी ओसरी, मग खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मनसर ओलांडल्यावर, देवलापारच्या अलीकडे, राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या पूर्वेला तुमचं वडिलोपार्जित शेत आहे. त्याच्या कडेला लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी तीन-चार जणांची सोय होईल अशी छोटी केबिन उभारायची आहे. जुना वीस फुटी कंटेनर आणून ठेवावा की बांधकाम करावं, केबिनचं तोंड रस्त्याकडे ठेवावं का, आणि सगळं सोलरवर भागेल का, असं तुम्ही विचारलं आहे. मी नागपुरात आर्किटेक्ट म्हणून काम करतो, गावाकडच्या लहान इमारती हाच माझा मुख्य व्यवसाय, आणि या रस्त्यावर सायकलही चालवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केबिन म्हटलं की सगळे रात्रीच्या झोपेचा विचार करतात आणि पलंग मोजायला लागतात. आपल्याकडे सायकलस्वाराला निवारा सर्वात जास्त लागतो तो दुपारी. पहाटे चार-पाचला निघालेला माणूस मार्चपासून पुढे अकराच्या आत सावली शोधतो आणि चारशिवाय पुन्हा रस्त्यावर येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या वेळचे हे चार-पाच तास त्याच्या जिवाचे असतात. काश्मीर-कन्याकुमारी करणारे बहुतेक जण हिवाळ्यातच इथून जातात हे खरं आहे. पण हिवाळ्यातली रात्र एका ब्लँकेटवर निघते. मे महिन्यातली दुपार चुकीच्या इमारतीत निघत नाही. म्हणून माझा सल्ला असा की आधी ओसरी आखा. खोली तिच्या मागे येईल.

कंटेनरचं आधी संपवतो. वीस फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि जेमतेम २.४ मीटर उंच असतो. भिंती आणि छप्पर पोलादी पत्र्याचे. त्यात उष्णतारोधक थर आणि वर प्लायवूड बसवलं की रुंदी सव्वादोन मीटरच्याही आत येते. त्यात दोन खाटा आणि मध्ये चालायला वाट एवढंच बसतं. उन्हात त्याचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. तो वापरायचाच तर वरून वेगळं मोठं छप्पर करावं लागतं, आणि ते छप्पर केलं की खाली कंटेनर ठेवण्याचं कारणच उरत नाही. शिवाय जहाजावरच्या जुन्या कंटेनरची लाकडी जमीन कीटकनाशकाने प्रक्रिया केलेली असते. बंद खोलीत तिच्यावर लोकांना झोपवावं असं मला वाटत नाही. क्रेनचा आणि वाहतुकीचा खर्च धरला तर पैसेही फारसे वाचत नाहीत. नका आणू.

आता दिशा. तुमचं शेत रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे रस्त्याकडे तोंड केलं तर केबिनचं तोंड पश्चिमेला होणार. नेमकं तेच टाळायचं आहे. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पश्चिमेपेक्षा सुमारे २५ अंश उत्तरेकडे मावळतो, आणि दुपारी तीन ते साडेसहा तो थेट त्या बाजूने आत घुसतो. तिरपं ऊन ओसरीचं छप्पर अडवू शकत नाही. म्हणून घराची पाठ रस्त्याकडे करा आणि ओसरी पूर्वेला, शेताकडे काढा. दुपारी बारानंतर खोलीचीच सावली ओसरीवर पडत जाते. पाहुणे सकाळी दहाला आले तर? मे महिन्यात दहा वाजता सूर्य सुमारे ६० अंश वर असतो. पागोळीकडची कड २.१ मीटर उंच आणि ओसरी २.४ मीटर खोल ठेवली तर तेव्हाच अर्धी ओसरी सावलीत असते, आणि अकरानंतर जवळजवळ सगळी.

पाठ रस्त्याकडे केल्याचे आणखी दोन फायदे आहेत. ट्रकचा आवाज आणि धूळ मागेच राहते, आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस थेट ओसरीत शिरत नाही. पश्चिमेच्या अंगाला संडास, न्हाणी, सामानाची खोली आणि पाण्याची टाकी ओळीने लावा. ऊन त्यांनी सोसावं, झोपायची खोली त्यांच्या आड राहावी. पश्चिमेच्या भिंतीला वरच्या जाळीच्या झरोक्यांखेरीज उघडं काही नको. रस्त्यावरून जाणाऱ्याला जागा कळावी म्हणून पाटी आणि रात्री जळणारा एक दिवा तेवढा त्या बाजूला लावा.

ओसरी हीच मुख्य खोली, असं समजून तिचं माप धरा: २.४ बाय ६ मीटर. त्याहून कमी खोल ओसरी म्हणजे पॅसेज होतो. तिथे सायकल उभी केली की माणसाला बसायला जागा उरत नाही. भिंतीलगत ४५ सेंटिमीटर उंच आणि ६५ सेंटिमीटर रुंद सलग ओटा बांधा. बसायला तो, सामान ठेवायला तो, आडवं व्हायलाही तोच. ब्रेव्हेवाल्यांसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने पुरं करणाऱ्यांसाठी, हा ओटा फार मोलाचा आहे. ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०, असं त्यांचं घड्याळ चालू असतं. रात्री दोनला आलेल्या माणसाला खोली, चादर, चावी यातलं काही नको असतं. त्याला वीस मिनिटं पाठ टेकायची असते, बाटली भरायची असते, आणि निघायचं असतं. म्हणून ओसरी, पाणी आणि संडास कुलूप न लावता खुले ठेवा. कुलूप फक्त खोलीला.

ओसरीच्या उत्तर टोकाला एक गोष्ट नक्की करा. सुमारे दीड बाय दोन मीटरच्या भागात फरशीला बाहेरच्या बाजूने उतार द्या, कडेला नाली काढा आणि भिंतीवर मीटरभर उंचीवर नळ बसवा. उन्हाने भोवळ आलेल्या माणसाला तिथेच आडवं करून अंगावर पाणी ओतता आलं पाहिजे, वर पंखा चालू असला पाहिजे. उष्माघातात माणसाला थंड करायला लागणारी मिनिटं मोजकी असतात, आणि अशा वेळी त्याला न्हाणीपर्यंत उचलून नेणं एकट्या सोबत्याला जमत नाही. तिथेच भिंतीवर ठळक अक्षरात १०८ लिहा, आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाणही लिहा. उन्हाळ्यात त्या बाजूला वाळ्याचे ताटे, म्हणजे पडदे, बांधून त्यांच्यावर पाणी सोडायची सोय करा. फरशी खरखरीत शहाबादीच घ्या, पॉलिश केलेली नको. सायकलच्या बुटाखालच्या क्लीटने, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या कडक तुकड्याने, ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय हमखास सटकतो.

सायकल कुठे ठेवायची यावर नकाशा काढणारे फार कमी विचार करतात. मागे-पुढे पॅनियर, म्हणजे चाकांच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या, लावलेली सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते, मागे ६५-७० सेंटिमीटर रुंद होते, आणि सामानासकट तीस-चाळीस किलो भरते. ती हुकला टांगता येत नाही आणि पायऱ्यांवरून उचलून नेणं म्हणजे दिवसभर शिणलेल्या माणसाला शिक्षा. ती ओसरीतच, भिंतीतल्या लोखंडी कडीला कुलूप लावून उभी राहावी. पण मालकाला ती दिसली पाहिजे. म्हणून खोलीची ओसरीकडची खिडकी जमिनीपासून फक्त ५० सेंटिमीटरवर सुरू करा, लोखंडी गज आणि डासांची जाळी लावून. खाटेवर पडल्या पडल्या सायकल नजरेत राहिली की माणूस निवांत झोपतो. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीसाठी खोलीला आतून भक्कम कडी हवी, आणि न्हाणी-संडासाला खोलीतूनही दार हवं, म्हणजे रात्री बाहेर पडावं लागणार नाही. त्या संडासाला दोन दारं होतील, दोन्हींना आतून कडी लागते. एवढी गुंतागुंत मान्य करा.

इथे एक खरा पेच आहे. काळ्या मातीत आणि आपल्या पावसात जोतं चांगलं उंच हवं, निदान ४५ सेंटिमीटर. सायकलला मात्र पायरी चालत नाही. १:१२ उताराने ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, आणि तो छोट्या इमारतीसमोर बोजड होतो. त्यापेक्षा अंगणच मुरूम टाकून ३० सेंटिमीटर उचला आणि रस्त्यापासून येणारी वाट हळूहळू चढवत आणा. मग ओसरीपर्यंत उरतात १५ सेंटिमीटर, त्यांना दोन मीटरचा उतार पुरतो. ही वाट मुरूम आणि गिट्टीची करा, अगदी पहिल्या दिवसापासून. जुलैत पन्नास मीटर काळ्या मातीतून सायकल ढकलली की चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा घट्ट बसतो की चाकच फिरत नाही, आणि दमलेला माणूस काडीने तो कोरत बसतो. वाटेच्या शेवटी एक नळ आणि छोटा धुण्याचा ओटा द्या, म्हणजे चिखल ओसरीत येणार नाही.

पायाबद्दल सांगतो, कारण लहान इमारतीला पाया हलका चालतो असा समज आहे. काळ्या मातीत उलट होतं. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जड इमारत ती फुगवट दाबून धरते, हलकी इमारत वर उचलली जाते आणि भिंती तिरप्या तडकतात. तुमच्या भागात माती शेतागणिक बदलते, म्हणून आधी जिथे भिंत येणार तिथेच दोन खड्डे घेऊन पाहा. मीटर-सव्वा मीटरवर कडक मुरूम लागला तर त्याच्यावर साधा पाया बसवा आणि बाजूला काळी माती परत न भरता मुरूमच भरा. काळी माती खोल गेली असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्या: साधारण साडेतीन मीटर खोल, खाली खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा असलेले. तो फुगवटा खालच्या न हलणाऱ्या थरात रुतून बसतो आणि इमारतीला वर उचलू देत नाही. जोत्याभोवती किमान ९० सेंटिमीटर रुंद फरसबंदी करून पाणी दूर काढा. कडुनिंब, करंज पश्चिमेला जरूर लावा, पण भिंतीपासून सहा मीटर सोडून. झाडं जवळची माती शोषून कोरडी करतात आणि तिथे जमीन जास्त खचते.

भिंतींना राखेच्या विटा घ्या. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे त्या आपल्याकडे सहज मिळतात. रॅट-ट्रॅप पद्धतीने, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडून बांधलंत तर सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. लॉरी बेकर यांनी ही पद्धत केरळात रुजवली. नागपूरच्या उन्हात ती तितकीच उपयोगी आहे. मात्र गवंड्याला आधी चार फूट भिंत नमुन्याला बांधायला लावा. सवय नसेल तर तो पोकळी मसाल्याने भरून टाकतो, आणि मग सगळा हेतूच जातो.

छपराला मला मनापासून कवेलू आवडतात. पण रामटेक-देवलापार पट्ट्यात माकडांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारत जातात, आणि दर पावसाळ्याआधी कवेलूंची फेरणी (काढून पुन्हा रचणं) करायला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून वर पांढरा रंगीत पत्रा, खाली १५ ते २० सेंटिमीटर मोकळी जागा, आणि तिच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, असं दुहेरी करा. ती मोकळी जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवा, फक्त जाळी लावा, म्हणजे तापलेली हवा आत कोंडणार नाही. बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेलाच घ्या, नाहीतर भुंगा दोन-तीन वर्षांत त्याचं पीठ करतो. छपराची पागोळी सगळीकडून ९० सेंटिमीटर बाहेर काढा. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा पुरे. डिसेंबरात दुपारचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो, तेव्हा सव्वा मीटरच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात राहतो. मार्चपासून दुपारी पूर्ण खिडकी सावलीत जाते.

खोलीत बंक-बेड घालू नका. रेल्वेच्या डब्यासारखी मांडणी कागदावर छान दिसते, पण गरम हवा वर साचते आणि वरच्या खाटेवरचा माणूस मे महिन्यात रात्रभर जागा राहतो. ३ बाय ४.५ मीटरच्या खोलीत नेवारीच्या तीन खाटा ठेवा. चौथा ओसरीच्या ओट्यावर. खाटा दोघांना उचलता येतील इतक्या हलक्या आणि दार एक मीटर रुंद, म्हणजे उन्हाळ्यात त्या अंगणात काढता येतील. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच झोप लागते. अंगणात मच्छरदाणीच्या काठ्यांसाठी पाईप पुरून ठेवा. जोडे आणि बॅगा जमिनीवर राहू नयेत म्हणून भिंतीला फळ्या लावा, दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. विंचू आणि साप तुमच्या शेताला नवीन नाहीत, पाहुण्याला असतात. कचऱ्याच्या डब्याचं झाकण कडी लागेल असं घ्या, ते माकडांसाठी.

वीज. कूलर सुमारे १५० वॉट, आठ तास: १.२ युनिट. ३० वॉटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दहा तास: तितकेच. दिवे आणि मोबाईल-जीपीएस चार्जिंग अर्धा युनिट. म्हणजे दिवसाला तीन युनिट, आणि एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे सरासरी चार युनिट देतं. कूलर दुपारी थेट पॅनेलवर चालतो, बॅटरीवर फक्त रात्रीचे पंखे आणि दिवे राहतात, त्यामुळे दीड युनिट साठवणारी लिथियम बॅटरी पुरते. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले तर पंखे कमी लावावे लागतील. या व्यवस्थेवर विजेची किटली किंवा गीझर मात्र चालणार नाही, तसं लिहूनच लावा. चहाला गॅसची शेगडी आणि हिवाळ्यात आंघोळीला न्हाणीच्या मागे बंब ठेवा. तुमच्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या आहेतच.

कूलर लावताना समोरच्या बाजूची खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. बंद खोलीत तो दमटपणा कोंडतो आणि थंडावा संपतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर चांगला कूलर २९-३० अंशांची हवा देतो. पण तो तासाला दहा ते पंधरा लिटर पाणी पितो, म्हणजे दुपारभरात शंभर लिटर. तीन पाहुण्यांचं पिणं, आंघोळ आणि संडास मिळून अडीचशे लिटर धरा. हजार लिटरच्या टाकीत दोन-तीन दिवस निघतील. टाकी पश्चिमेच्या खोल्यांच्या आत, सावलीत, उंच ओट्यावर ठेवा. छपरावर काळी टाकी ठेवली तर एप्रिल-मेच्या दुपारी नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही. पिण्याच्या पाण्याला ओसरीत दोन रांजण ठेवा, तोटी बाटली खाली मावेल इतक्या उंचीवर.

काळ्या मातीत शोषखड्डा सहज मुरत नाही, पावसाळ्यात तर भरूनच राहतो. सेप्टिक टँक बांधा आणि त्याच्या पुढे वाळूच्या वेढणाचा मोठा शोषखड्डा, विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या बाजूला.

दुरुस्तीच्या कोपऱ्याला फार मोठा खर्च नाही. ओसरीच्या दक्षिण टोकाला जमिनीपासून १.१ मीटरवर एक आडवा पाईप, सीट त्याला अडकवली की मागचं चाक अधांतरी फिरतं. शेजारी ९० सेंटिमीटर उंच फळी, वर दिवा. ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की, १५ मिमीचा पेडल पाना, चेन तोडायचं हत्यार, टायर लिव्हर, हे सगळं तारेच्या दोरीने बांधलेलं. पंप प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही व्हॉल्व्हला चालणारा घ्या आणि गावच्या काळ्या सायकलींसाठी डनलॉप व्हॉल्व्हचं तोंडही जवळ ठेवा. शाळेत जाणारी पोरंही हवा भरायला येतील, आणि त्यांनी यावंच. एक घमेलं नेहमी पाण्याने भरलेलं असू द्या. या पट्ट्यात बाभळीचा काटा आणि गोखरू ट्यूबमध्ये इतकं बारीक भोक पाडतात की हाताला हवा लागत नाही. ट्यूब थोडी फुगवून घमेल्यात हळूहळू फिरवायची, कडेने दिव्याचा उजेड पाडायचा, तेव्हा एका जागी मोहरीएवढे बुडबुडे ओळीने वर येताना दिसतात. मग टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधायचा. तो तसाच राहिला तर पुढच्या दहा किलोमीटरात पुन्हा पंक्चर.

परवानगीचं लवकर सुरू करा. शेतजमिनीचा वापर बदलणं, ग्रामपंचायत, महामार्गाच्या मध्यापासून सोडायचं अंतर, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये (बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) गट क्रमांक येतो का, या चारही गोष्टी लेखी घ्या. पुढे मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या खवासापर्यंत रस्ता जंगलातून जातो, वन्यप्राण्यांसाठी तो जागोजागी उंचावून खालून वाट दिली आहे. रात्री त्या टप्प्यात सायकल घालू नये हे पाहुण्यांना स्पष्ट सांगा. तुमची जागा जंगलाच्या अलीकडे आहे, त्यामुळे संध्याकाळी आलेल्याला थांबवून घेणं हेही तुमचं काम होईल.

पैसे एकदम नसतील तर पहिल्या वर्षी ओसरी, पाणी, संडास आणि मुरमाची वाट एवढंच करा. खोलीचा पाया तेव्हाच घालून ठेवा. खड्डे दिवाळीनंतर घ्या, माती तेव्हा अर्धवट ओली असते आणि थर नीट ओळखू येतात. छप्पर मार्चच्या आत चढलं तर मे महिन्यात ओसरीत दुपारी बसून ताटे कुठे कमी पडतात ते कळेल. मला जागेचा नकाशा पाठवाल तेव्हा त्यावर उत्तर दिशा, विहीर, पावसाचं पाणी शेतातून वाहत जाण्याची वाट आणि सध्याची झाडं दाखवा. त्यावरून ओसरीचं नेमकं तोंड किती अंश वळवायचं ते आखून देतो.